मोकाट मांजरांना खाऊ घालताय? बिबट्याच्या पट्ट्यात आधी हे माहीत हवं

जुन्नर-आंबेगाव : बाजार समितीचं आवार, दूध संकलन केंद्राची मागची बाजू, चिकन-मटणाच्या दुकानांची गल्ली, पोल्ट्रीची शेड, मंदिराची धर्मशाळा. नारायणगाव असो, ओतूर असो, मंचर असो की घोडेगाव, अशा जागी पाच-दहा मांजरांची टोळी हमखास दिसते. ही कुणाची नसतात. माणूस जवळ गेला की पत्र्याखाली पळतात, हात लावू देत नाहीत. कुणीतरी दया येऊन एक दिवस भात-मच्छीचं उरलेलं टाकतं, दुसऱ्या दिवशी मांजरं वाट बघत बसतात, आणि महिनाभरात तो माणूस त्या टोळीचा पालक होऊन बसतो. बहुतेकांची सुरुवात अशीच होते, ठरवून कुणी करत नाही.

शहरात हे काम खाऊ, पाणी आणि नसबंदी एवढ्यावर भागतं. जुन्नर आणि आंबेगावात मात्र एक गोष्ट वाढते, ती म्हणजे बिबट्या.

मांजर हे बिबट्याचं भक्ष्य आहे

जुन्नरला लागून असलेल्या अकोले तालुक्यात संशोधकांनी बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला होता. उसाच्या, माणसांच्या वस्तीच्या भागात राहणारा बिबट्या नेमकं खातो काय, हे त्यातून पुढे आलं. खाल्लेल्या वजनाचा हिशेब केला तर ८७ टक्के वाटा पाळीव आणि गावातल्या प्राण्यांचा निघाला. त्यात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा, ३९ टक्के. शेळ्या कुत्र्यांपेक्षा सातपट जास्त असूनही त्यांचा वाटा ११ टक्केच होता. आणि मांजरांचा १५ टक्के. म्हणजे शेळीपेक्षा मांजर जास्त. गोठ्याला जाळी मारणारा शेतकरी दारातल्या मांजरांचा विचार सहसा करत नाही, पण बिबट्याच्या लेखी ती सोपी शिकार आहे.

रात्री खाण्याचा ढीग ठेवला की मांजरं गोळा होतात, कुत्री येतात, उंदीर-घुशी येतात, आणि या सगळ्यांच्या मागावर बिबट्या घराच्या भिंतीपर्यंत येऊ शकतो. जुन्नर वनविभागात जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे चार तालुके येतात. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूरच्या पिंपरखेड-जांबूत परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत लहान मुलांसह माणसं दगावली, मंचरला महामार्ग रोखला गेला. ते कुणी मांजरांना खाऊ घातल्यामुळे झालं असं नाही. पण अशा भागात अंधारात उघड्यावर खाणं ठेवणं म्हणजे स्वतःच्या आणि शेजाऱ्याच्या दारात जोखीम वाढवून ठेवणं आहे. मांजरांवर माया असणाऱ्यांनी हे आधी मान्य करायला हवं.

त्यावर उपाय अवघड नाही. खाणं दिवसा द्यायचं. सकाळी उन्हं वर आल्यावर एकदा आणि दुपारी चारच्या सुमारास एकदा. अर्ध्या तासात मांजरं खाऊन होतात, उरलेलं लगेच उचलायचं, भांडी धुऊन आत घ्यायची. सूर्य मावळायच्या आत जागा साफ दिसली पाहिजे. मांजरं वेळ पटकन शिकतात. आठवड्याभरात ठरलेल्या वेळी हजर आणि एरवी गायब, असं त्यांचं वेळापत्रक लागतं.

जागा उसाच्या फडापासून, ओढ्याच्या झाडीपासून आणि मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून लांब, मोकळी, चारी बाजूंनी दिसणारी असावी. उंच जागा असेल तर उत्तम, कारण धोका दिसला की मांजर वर चढतं. भिंतीचा कठडा, वापरात नसलेली ट्रॉली चालते. आणखी एक. खाऊ घालणारा माणूस वाकून किंवा उकिडवा बसलेला असतो. गवत कापणाऱ्या बायाबापड्यांना वनखातं जे सांगतं तेच इथेही लागू आहे : वाकलेला, एकटा माणूस बिबट्याला छोटं सावज वाटू शकतो. तिन्हीसांजेला लहान पोराच्या हातात ताटली देऊन ‘जा, मांजराला टाकून ये’ म्हणणं तर पूर्ण बंद हवं. थ्री फेज लाईट रात्री येते म्हणून पाणी भरायला गेलेले लोक परतताना मांजरांना भाकरी टाकतात, तेही टाळावं.

परिसरात बिबट्या दिसला, ठसे उमटले किंवा टोळीतली एक-दोन मांजरं एकाएकी नाहीशी झाली, तर काही दिवस त्या जागी खाणं बंद ठेवून वनविभागाला कळवावं. वनखात्याचा टोल फ्री क्रमांक १९२६ आहे.

द्यायचं काय?

दूध-भाकरीवर आपल्याकडची मांजरं पिढ्यान्‌पिढ्या जगली, पण त्यांचं खरं पोट उंदरांवर भरत होतं. मांजर मांसाहारी प्राणी आहे. मोठं झाल्यावर बऱ्याच मांजरांना दूध पचत नाही, हगवण लागते. उकडलेलं चिकन, कोंबडीचं काळीज-पोटा, उकडलेलं अंडं, काटे काढलेली मासळी आणि त्यात थोडा भात कालवला तर चालतं. शिजवलेली हाडं नकोत, ती फुटून घशात अडकतात. परवडत असेल तर मांजरांचं कोरडं खाद्य सर्वांत सोपं. तीन-चार किलोच्या मांजराला दिवसाला ५०-६० ग्रॅम पुरतं, आणि उरलं तरी वास कमी सुटतो.

कांद्याच्या या पट्ट्यात एक चूक सर्रास होते. मटणाचा उरलेला रस्सा भाताबरोबर टाकला जातो. कांदा आणि लसूण मांजराला विषारी आहेत, शिजवलेले असले तरी. रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, मांजर मलूल होतं, हिरड्या पांढऱ्या पडतात. मसाल्याचं अन्न द्यायचंच नाही हे सोपं.

पाणी मात्र नेहमी हवं, उन्हाळ्यात तर खाण्याच्या आधी पाणी. रात्री पाण्याचं भांडंसुद्धा आत घ्यावं.

पोट भरलेलं मांजर उंदीर धरत नाही, हा समज चुकीचा आहे. शिकार ही भुकेवर अवलंबून नसते. खाऊ घातलेली मांजरंही कणगीभोवतीचे उंदीर मारतातच. उलट, उंदरांसाठी शेतात झिंक फॉस्फाईडचं आमिष टाकलं असेल तर मेलेला उंदीर खाऊन मांजर मरतं. त्या दिवसांत मांजरांचं पोट भरलेलं असणं त्यांच्या फायद्याचं.

औषधं : गोठ्यातली बाटली मांजराला नको

मांजराच्या अंगावर पिसवा-गोचीड दिसली की गोठ्यातलं गोचीडनाशक थोडं चोळलं जातं. सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन, परमेथ्रिन ही गाई-म्हशींना चालणारी औषधं मांजराचं शरीर पचवू शकत नाही. झटके येतात, जीव जातो. तसंच तापाची पॅरासिटामॉलची गोळी. माणसाची एक गोळी मांजराला मारायला पुरेशी आहे. काहीही देण्याआधी पशुवैद्याला विचारावं. फिरत्या पशुचिकित्सा पथकासाठी १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे.

नसबंदीशिवाय खाऊ घालणं म्हणजे टोळी वाढवणं

भाटी साधारण चार ते सहा महिन्यांची झाली की माजावर येते. गाभण काळ जेमतेम नऊ आठवड्यांचा. पिल्लं अंगावर पीत असतानाच ती पुन्हा गाभण राहू शकते. वर्षात दोन-तीनदा विते, दर खेपेला तीन-पाच पिल्लं. निम्मी मरतील असं धरलं तरी दोन मांजरांची टोळी दोन वर्षांत कुठे जाते याचा हिशेब पोरही करील. आणि मांजरं वाढली की बिबट्याला आमिषही वाढलं.

पोत्यात घालून माळशेज घाटात सोडून यायचा सल्ला देणारे गावोगाव असतात. त्यानं काही साधत नाही. खाणं आणि आडोसा आहे तिथे दुसरी मांजरं येतात, आणि सोडलेली उपाशी मरतात. प्राण्याला असं उपाशी मरायला टाकून देणं १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे. विष घालून मारलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ लागतं, त्यात पाच वर्षांपर्यंत कैद आहे.

जगभर चालणारी पद्धत एकच : धरायचं, नसबंदी करायची, त्याच जागी परत सोडायचं. मुंबई महापालिका कुत्र्यांबरोबर मांजरांचीही नसबंदी करते. ग्रामीण भागात ही जबाबदारी खाऊ घालणाऱ्यावरच येते. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात गाई-म्हशींचंच काम जास्त, त्यामुळे मांजराची शस्त्रक्रिया होते का, कोणत्या दिवशी, खर्च किती, हे आधी विचारावं. नाहीतर मोठ्या गावातला खासगी पशुवैद्य किंवा पुणे गाठावं लागतं. दवाखान्याची वेळ पक्की झाल्याशिवाय मांजर धरूच नये.

धरायचं कसं, इथे खरी गंमत आहे. मांजराच्या गळ्यात घंटा बांधणं परवडलं. हातानं धरायला गेलं की चावा ठरलेला. उंदराचा पिंजरा लहान पडतो. साधारण अडीच ते तीन फूट लांब आणि फूटभर रुंद, खटक्यावर दार पडणारा जाळीचा पिंजरा वेल्डिंगवाल्याकडून करून घेता येतो. आठवडाभर दार बांधून उघडंच ठेवायचं आणि खाणं आत द्यायचं. मांजरं निर्धास्त झाली की आदल्या दिवशी खाणं बंद करून सकाळी खटका लावायचा. दार पडताच पिंजऱ्यावर जाड चादर किंवा गोणपाट टाकलं की आतलं मांजर शांत होतं. टोमॅटोचे दोन क्रेट तोंडाला तोंड लावून सुतळीनं बांधायची युक्ती लहान पिल्लांना चालते, बोका मात्र त्यातून निघून जातो.

बिबट्याच्या भागातला नियम इथेही आहे. पिंजरा रात्री लावायचा नाही आणि मांजर असलेला पिंजरा रात्री अंगणात, पडवीत, गोठ्याच्या कडेला ठेवायचा नाही. पळता न येणारं, ओरडणारं मांजर म्हणजे बांधून ठेवलेलं सावज. शस्त्रक्रियेनंतर बोक्याला एक दिवस आणि भाटीला दोन दिवस दार लागणाऱ्या खोलीत ठेवावं, डॉक्टर सांगतील तसं. सोडायचं ते सकाळी, धरलं त्याच जागी. भूल दिलेली असतानाच डॉक्टरांना एका कानाचं टोक कापायला सांगावं. पुढे लांबूनही कळतं, हिचं झालंय. त्याच वेळी रेबीजची लसही टोचून घ्यावी.

सगळ्या टोळीचं एकदम होत नाही. वहीत प्रत्येकाचा रंग, नर की मादी, नसबंदीची तारीख लिहावी. आधी भाट्या घ्याव्यात. तिरंगी मांजर जवळजवळ नेहमी भाटीच असते, एवढी खूण नवख्याला पुरते.

चावलं, ओरबाडलं तर

मांजराचा दात बारीक आणि खोल जातो, जखम छोटी दिसते पण चिघळते. रेबीज मांजरापासूनही होतो. जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची. हळद, चुना, तिखट, तंबाखू काही लावायचं नाही. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय गाठायचं आणि लशीचे सगळे डोस पूर्ण करायचे. ‘ओरखडाच तर आहे’ म्हणून थांबू नये, लक्षणं दिसू लागल्यावर रेबीजवर इलाज नाही. मांजरांची विष्ठा उचलताना हातमोजे घालावेत, गरोदर बाईनं ते काम करू नये.

शेजारी आणि पंचायत

दूध सांडलं, कोंबडीचं पिल्लू नेलं, वाळूच्या ढिगात घाण केली, या तक्रारी खऱ्या असतात आणि त्या ऐकून घ्याव्या लागतात. २०२३ च्या प्राणी जनन नियंत्रण नियमांत मोकळ्या प्राण्यांना खाऊ घालायची जागा सर्वांशी बोलून, मुलांच्या खेळण्याच्या आणि ये-जा करण्याच्या वाटेपासून दूर ठरवावी असं सांगितलं आहे. ग्रामपंचायतीच्या सदस्याशी किंवा बाजार समितीच्या कर्मचाऱ्याशी आधीच बोललेलं बरं. नसबंदीची वही दाखवली की निम्मं भांडण तिथेच मिटतं. एकट्यानं हे काम घेऊ नये. लग्नकार्याला चार दिवस बाहेर जायचं झालं तर कोण बघणार, हे ठरलेलं असावं.

पिल्लं सापडली तर उचलायची घाई नको

आई पिल्लांना सात घरं फिरवते म्हणतात, ते खोटं नाही. जागा बदलताना एक-दोन पिल्लं तासन्‌तास एकटी दिसतात. लांबून लक्ष ठेवावं, आई येते. दोन ते सात आठवड्यांच्या पिल्लाला माणसाची सवय लागते, अशा पिल्लाला घर मिळू शकतं. मोठ्या झालेल्या रानटी मांजराला घरात कोंडून माणसाळवायचा हट्ट सोडावा.

ऊसतोडीच्या दिवसांत मात्र वेगळी काळजी. फडात सापडलेली पिल्लं गावातल्या मांजराची असतीलच असं नाही. अंगावर ठिपके-पट्टे, राखाडी-तपकिरी रंग असेल तर ती वाघाटीची असू शकतात. वाघाटी ही जगातली सर्वांत लहान रानमांजरांपैकी एक, पूर्ण वाढ झाली तरी दीड किलोच्या आसपास. लांब पायांचं, आखूड शेपटीचं रानमांजर म्हणजे बाऊल, त्याचीही पिल्लं उसात असतात. आणि बिबट्याचे बछडेही याच उसात जन्मतात, लहानपणी ते नवख्याला मांजरासारखेच वाटतात. ही पिल्लं घरी आणणं, दूध पाजणं, मोबाईलवर फोटो काढत हातात खेळवणं कायद्यानं गुन्हा आहे, आणि बछड्याच्या बाबतीत मादी शोधत येते हे वेगळंच. तोड थांबवून सर्वांनी बाजूला व्हावं, पिल्लं आहेत तिथेच ठेवून १९२६ वर कळवावं. वनविभाग आणि माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रातले लोक संध्याकाळी पिल्लं त्याच जागी ठेवून, कॅमेरे लावून आईची वाट बघतात. वाघाटीची आणि बिबट्याची बरीच पिल्लं जुन्नर परिसरात अशीच आईकडे परत गेली आहेत.