अल्फा हेलिक्स
अल्फा हेलिक्स किंवा अल्फा सर्पिल ही प्रथिनांच्या द्वितीयक संरचनेतील एक प्रमुख रचना आहे. या रचनेत ॲमिनो आम्लांची साखळी स्वतःच्या अक्षाभोवती उजव्या मळसूत्राप्रमाणे गुंडाळलेली असते आणि साखळीच्या कण्यातील अणूंमध्ये तयार होणाऱ्या हायड्रोजन बंधांमुळे तिचे वेटोळे टिकून राहते. केस, लोकर व नखे यांतील केराटिन, रक्तातील हिमोग्लोबिन आणि स्नायूंतील मायोग्लोबिन या प्रथिनांत ही रचना मोठ्या प्रमाणावर आढळते.

रचना

अल्फा हेलिक्सच्या एका वेढ्यात सरासरी ३.६ ॲमिनो आम्ले असतात. प्रत्येक ॲमिनो आम्लामागे साखळी अक्षाभोवती १००° फिरते आणि अक्षाच्या दिशेने १.५ अँगस्ट्रॉम (०.१५ नॅनोमीटर) पुढे सरकते. त्यामुळे एका पूर्ण वेढ्याची उंची ५.४ अँगस्ट्रॉम भरते. ॲमिनो आम्लांच्या पार्श्वशृंखला बाहेरच्या बाजूस असतात, तर कण्यातील अणू आतल्या बाजूस दाटीने बसलेले असतात.

प्रथिनांतील ॲमिनो आम्ले एल-प्रकारची असतात. डाव्या वळणाच्या सर्पिलात त्यांच्या पार्श्वशृंखला कण्यातील ऑक्सिजन अणूंच्या फार जवळ येतात. उजव्या वळणात ही अडचण उद्भवत नाही. म्हणून निसर्गात आढळणारी अल्फा हेलिक्स जवळजवळ नेहमी उजव्या वळणाची असते. जी. एन. रामचंद्रन, सी. रामकृष्णन व व्ही. शशिशेखरन यांनी मद्रास येथे १९६३ मध्ये मांडलेल्या आलेखात कण्यातील कोणते कोन शक्य आहेत हे दाखवले आहे. या आलेखात फाय कोन सुमारे −६०° व साय कोन सुमारे −४५° असलेला भाग अल्फा हेलिक्सचा आहे.

हायड्रोजन बंध

प्रत्येक ॲमिनो आम्लाच्या कार्बोनिल गटातील ऑक्सिजन हा साखळीत त्याच्या पुढे चौथ्या क्रमांकावर असलेल्या ॲमिनो आम्लाच्या नायट्रोजनला जोडलेल्या हायड्रोजनशी बंध जोडतो. पहिल्याचा पाचव्याशी, दुसऱ्याचा सहाव्याशी असा हा क्रम चालतो. हे बंध अक्षाला जवळपास समांतर असतात. एका बंधाने तयार होणाऱ्या कड्यात १३ अणू येतात. पुढच्या तिसऱ्या ॲमिनो आम्लाशी बंध जुळल्यास अधिक घट्ट पिळाची ३-१० हेलिक्स, तर पाचव्याशी जुळल्यास अधिक रुंद अशी पाय हेलिक्स तयार होते.

या मांडणीमुळे सुरुवातीच्या चार ॲमिनो आम्लांचे हायड्रोजन व शेवटच्या चारांचे ऑक्सिजन सर्पिलातील बंधांशिवाय राहतात. १२ ॲमिनो आम्लांच्या सर्पिलात म्हणून केवळ ८ बंध असतात. सर्व पेप्टाइड गट एकाच दिशेने रांगेत असल्याने सर्पिलाच्या आरंभीच्या टोकाला अंशतः धन व शेवटच्या टोकाला अंशतः ऋण प्रभार येतो.

पाण्यात पाण्याचे रेणूही कण्याशी हायड्रोजन बंध जोडू शकतात. त्यामुळे तेथे सर्पिलातील एका बंधापासून मिळणारे निव्वळ स्थैर्य थोडे असते व लहान पेप्टाइड सहसा सर्पिल रूपात टिकत नाहीत. पहिला बंध जुळण्यासाठी अनेक ॲमिनो आम्लांना एकाच वेळी ठरावीक स्थितीत यावे लागते. तो जुळल्यावर पुढचे बंध मात्र सुलभतेने जुळत जातात. पेशीपटलाच्या तेलकट अंतर्भागात पाणी जवळजवळ नसते. तेथे बंधांविना राहणे साखळीला फार महाग पडते, म्हणून पटल ओलांडणारी अनेक प्रथिने सर्पिल रूप घेतात. सुमारे ३० अँगस्ट्रॉम जाडीचा हा भाग ओलांडण्यास साधारण २० ॲमिनो आम्ले पुरतात.

ॲमिनो आम्लांचा प्रभाव

ॲलानिन, ल्युसिन, मेथिओनिन व ग्लुटामेट ही ॲमिनो आम्ले सर्पिलाला अनुकूल असतात. प्रोलिनच्या नायट्रोजनवर बंधासाठी लागणारा हायड्रोजन नसतो आणि त्याचे कडे कण्याला अडथळा करते; त्यामुळे सर्पिलाच्या मध्यभागी आलेले प्रोलिन बहुधा तो वाकवते किंवा खंडित करते. ग्लायसिन अतिशय लवचीक असल्याने तेही सर्पिलास प्रतिकूल ठरते.

शोधाचा इतिहास

विल्यम ॲस्टबरी यांनी १९३० च्या दशकात लोकर व केसांची क्ष-किरण छायाचित्रे घेतली. ताणण्यापूर्वीच्या व ताणल्यानंतरच्या रूपांना त्यांनी अनुक्रमे अल्फा व बीटा अशी नावे दिली. अल्फा रूपात ५.१ अँगस्ट्रॉम अंतरावर पुनरावृत्ती दिसत होती.

लॉरेन्स ब्रॅग, जॉन केंड्र्यू व मॅक्स पेरुट्झ यांनी १९५० मध्ये अनेक संभाव्य रचना तपासल्या. परंतु एका वेढ्यात ॲमिनो आम्लांची संख्या पूर्णांकी असावी असे त्यांनी गृहीत धरले आणि पेप्टाइड गट सपाट असतो ही अट लावली नाही. लिनस पॉलिंग, रॉबर्ट कोरी व हर्मन ब्रॅन्सन यांनी ही अट पाळून व पूर्णांकाचा आग्रह सोडून १९५१ मध्ये अल्फा हेलिक्स मांडली. या रचनेनुसार १.५ अँगस्ट्रॉम अंतराची खूण क्ष-किरण छायाचित्रात दिसायला हवी होती. पेरुट्झ यांनी घोड्याचा केस किरणांशी तिरपा धरून ती खूण त्याच वर्षी शोधली.

५.१ व ५.४ या आकड्यांतील तफावतीचा उलगडा फ्रान्सिस क्रिक व पॉलिंग यांनी स्वतंत्रपणे केला. केराटिनमधील सर्पिले दोरीच्या पेडांप्रमाणे एकमेकांभोवती गुंफलेली असल्याने प्रत्येक सर्पिल धाग्याच्या अक्षाशी किंचित कलते आणि अक्षाच्या दिशेने मोजलेले अंतर कमी भरते. केंड्र्यू यांच्या गटाने १९६० मध्ये मायोग्लोबिनची सविस्तर रचना प्रसिद्ध केली. तिच्यात ८ अल्फा सर्पिले असून साखळीचा सुमारे तीन चतुर्थांश भाग त्यांनी व्यापलेला आहे.

जैविक महत्त्व

डीएनएशी जोडली जाणारी अनेक प्रथिने एक अल्फा सर्पिल डीएनएच्या रुंद खाचेत बसवून विशिष्ट क्रम ओळखतात. सर्पिल रूप बिघडण्याचे परिणाम गंभीर असू शकतात. प्रायॉन रोगांत, मुख्यत्वे अल्फा सर्पिले असलेले सामान्य प्रायॉन प्रथिन बीटा पत्रकांनी समृद्ध अशा रूपात बदलते. हे रूप मेंदूत साचत जाते आणि इतर सामान्य रेणूंनाही तेच रूप घेण्यास प्रवृत्त करते. क्रॉइट्झफेल्ट-याकोब रोग हे याचे मानवातील उदाहरण असून तो प्राणघातक आहे.