एलईडीची भिंत आणि जवळपास दोनशे वर्षांपूर्वीचं नाटकगृह

गेल्या आठवड्यात आमच्या गावातल्या जुन्या मिशनच्या चर्चमधले एक काका कार्यालयात आले होते. वय सत्तरीच्या पुढे. म्हणाले, "भाऊ, मंडळीत दोन तट पडलेत. पोरं म्हणतात, एलईडीची भिंत लावू, ड्रमसेट आणू, भक्ती लाइव्ह करू. आम्ही म्हणतो, आधी छत गळतंय ते बघा. तुम्ही पेपरवाले, तुम्हीच सांगा, कोण चुकतंय?"

मी ख्रिस्ती नाही. पण त्याच मिशनच्या शाळेत चौथीपर्यंत शिकलो, नाताळातला केक खाल्ला आणि गव्हाणीच्या देखाव्यात एकदा मेंढपाळही झालोय. म्हटलं, निवाडा मी कोण करणार? पण ही भानगड आली कुठून, एवढं तरी शोधून काढतो. म्हणून ही लांबलचक पोस्ट. चहा घेऊन बसा.

आपल्याला वाटतं, धर्माचा असा 'शो' टीव्ही आणि मोबाइलमुळे झाला. तसं नाहीये. मूळ शोधायचं तर अमेरिकेत दोनशे वर्षं मागे जावं लागतं.

युरोपात चर्चला सरकारचा आधार होता. कर गोळा व्हायचा, त्यातून धर्मगुरूंचा पगार निघायचा. रविवारी दहा माणसं आली काय नि हजार आली काय, पगार ठरलेला. अमेरिकेत १७९१ च्या घटनादुरुस्तीने केंद्र सरकारला अधिकृत धर्म ठरवायला बंदी झाली. मग एकेक राज्यानेही चर्चचा कर बंद केला. सगळ्यात शेवटी मॅसॅच्युसेट्सने, १८३३ मध्ये.

गोष्ट चांगलीच होती. राज्य वेगळं, धर्म वेगळा. पण एक परिणाम असा झाला की पाळकाचा पगार आता समोर बसलेल्या लोकांच्या खिशातून येणार होता. लोक आले नाहीत तर चूल पेटणार नाही. शेजारच्या गल्लीत दुसऱ्या पंथाचं चर्च, तिथला उपदेशक जास्त चांगला बोलतो, चला तिकडे. म्हणजे भाविकाला निवड करता येऊ लागली, आणि निवड आली की बाजार आलाच.

याच काळात चार्ल्स फिनी नावाचा एक उपदेशक गाजत होता. आधी वकिली शिकलेला माणूस, त्यामुळे समोरच्या लोकांशी ज्युरीशी बोलावं तसं बोलायचा. १८३२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्याच्यासाठी चक्क एक नाटकगृह भाड्याने घेऊन त्याचं चर्च केलं गेलं. चॅथम स्ट्रीटचं थिएटर. पुढाकार रेशमाचे व्यापारी असलेल्या टॅपन बंधूंचा. आज लोक म्हणतात, 'चर्चचं थिएटर झालं'. त्या वर्षी थिएटरचं चर्च झालं होतं.

पण हाच फिनी गुलाम बाळगणाऱ्यांना प्रभुभोजनाला बसू देत नव्हता. म्हणजे ज्यांच्याकडे पैसा होता, त्यातल्याच काहींना तोंडावर सांगत होता की तुम्ही पापी आहात. टॅपन बंधूही गुलामगिरीविरोधी चळवळीत होते. १८३४ च्या जुलैमध्ये दंगल झाली, जमाव त्या चर्चमध्ये घुसला, लुइस टॅपनचं घर फोडलं. मंच नाटकाचा होता, पण त्यावरून बोललेलं लोकांना झोंबत होतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

पुढची पायरी दुकानदारीची. ड्वाइट मूडी हा आधी बुटांच्या दुकानातला विक्रेता, नंतर अमेरिकेतला मोठा उपदेशक. १८७५ मध्ये फिलाडेल्फियात त्याच्या सभा झाल्या त्या रेल्वेच्या एका जुन्या मालधक्क्यात. ती जागा जॉन वॅनामेकर या व्यापाऱ्याने घेऊन ठेवली होती. सभा संपल्या आणि १८७६ मध्ये त्याच जागेत वॅनामेकरचं प्रचंड मोठं दुकान सुरू झालं. आधी प्रार्थना, मग खरेदी, छप्पर एकच. नंतर त्याने दुकानात भलामोठा ऑर्गनही बसवला. म्हणजे चर्च दुकानासारखं होत होतं आणि दुकान चर्चसारखं.

१९२३ च्या १ जानेवारीला लॉस एंजेलिसमध्ये एमी सेंपल मॅकफर्सन या बाईंनी पाच हजारांहून जास्त आसनांचं एंजलस टेंपल उघडलं. हॉलिवूड जवळच. बाई प्रवचन द्यायच्या ते नेपथ्य, वेशभूषा, प्रकाशयोजनेसह. एकदा तर वाहतूक पोलिसाच्या वेशात मोटारसायकल घेऊन आल्या: थांबा, तुम्ही पापाच्या रस्त्यावर भरधाव चाललाय! पुढच्याच वर्षी त्यांनी स्वतःचं रेडिओ केंद्र काढलं. आणि १९२५ मध्ये ब्रूस बार्टन नावाच्या जाहिरातवाल्याने एक पुस्तक लिहिलं, त्यात येशूला आधुनिक व्यवसायाचा संस्थापक ठरवलं. पुस्तक तुफान खपलं.

आता टीव्हीच्या काळात येऊ. १९५५ मध्ये कॅलिफोर्नियात रॉबर्ट शुलर यांच्याकडे चर्च बांधायला पैसे नव्हते. त्यांनी गाडीत बसून सिनेमा बघायचं मैदान भाड्याने घेतलं आणि तिथल्या खाद्यपदार्थांच्या स्टॉलच्या छतावर उभं राहून प्रवचन सुरू केलं. लोक गाडीतच बसून ऐकायचे. १९७० पासून टीव्ही कार्यक्रम, १९८० मध्ये दहा हजारांहून जास्त काचांचं क्रिस्टल कॅथेड्रल. नाताळच्या सोहळ्यात खरे उंट आणि तारांवरून उडणारे देवदूत. २०१० मध्ये दिवाळखोरी जाहीर झाली. देणेकऱ्यांत त्या सोहळ्याला जनावरं पुरवणारेही होते. अखेर कॅथलिक धर्मप्रांताने इमारत ५ कोटी ७५ लाख डॉलरला विकत घेतली.

जिम बेकर यांची गोष्ट याहून वाईट. टीव्हीवरच्या पैशातून त्यांनी दक्षिण कॅरोलायनात 'हेरिटेज यूएसए' उभं केलं. हॉटेल, बाजार, पाण्याच्या घसरगुंड्या, सगळं 'ख्रिस्ती'. १९८६ मध्ये तिथे सुमारे ६० लाख लोक आले, डिस्नीच्या दोन उद्यानांनंतर तिसरा नंबर. हजार डॉलर द्या आणि आयुष्यभर दरवर्षी तीन रात्री फुकट राहा, अशी सभासदत्वं विकली. जेवढ्या खोल्या त्याच्या कितीतरी पट. आपल्याकडच्या फसव्या प्लॉटच्या स्कीमसारखंच की! १९८९ मध्ये फसवणुकीच्या गुन्ह्यात ४५ वर्षांची शिक्षा झाली, नंतर ती कमी होऊन १९९४ मध्ये सुटले. त्या खोल्यांसाठी पैसे भरणारे बहुतेक साधे, टीव्हीसमोर बसून प्रार्थना करणारे लोक होते. माझ्या मते त्यांच्याबद्दल सगळ्यात कमी लिहिलं गेलंय.

सगळेच लबाड होते असं मात्र नाही. शिकागोजवळचं विलो क्रीक चर्च १९७५ मध्ये एका सिनेमागृहात सुरू झालं. सुरू करण्याआधी घरोघरी जाऊन विचारलं, तुम्ही चर्चला का येत नाही? लोक म्हणाले कंटाळवाणं असतं, सारखे पैसे मागतात. मग नको ते काढलं, हवं ते घातलं: नाटुकली, बँड, आरामखुर्च्या. हजारोंनी लोक आले. २००७ मध्ये त्याच चर्चने स्वतःच्याच लोकांची पाहणी प्रसिद्ध केली आणि प्रामाणिकपणे मान्य केलं की कार्यक्रमांना जास्त हजेरी लावली म्हणून माणसाची श्रद्धा वाढतेच असं नाही. तीस वर्षांनी स्वतःची चूक छापून जाहीर करायला छाती लागते.

आता आपल्याकडे. आपल्या भागातलं मिशन त्याच अमेरिकेतून आलं. बोस्टनची मंडळी १८१३ मध्ये मुंबईत उतरली, पुढे नगरला गेली, तिथूनच १८४२ मध्ये 'ज्ञानोदय' निघालं. पण इथल्या ख्रिस्ती माणसाला स्वतःचा आवाज दिला तो रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी. अभंग, ओवी, भजन. मनोरंजन त्यातही होतंच, टाळ ऐकून कोणाचा पाय हलत नाही? म्हणून 'गाणं-बजावणं आलं की भक्ती गेली' हे काही खरं नाही. काका, हे तुमच्यासाठी.

आणि पोरांनो, हे तुमच्यासाठी. कीर्तनकाराला टाळ, मृदंग आणि वीणा पुरते. खर्च कमी, म्हणून तो समोरच्या पाटलालाही चार शब्द सुनावू शकतो. ज्याच्या डोक्यावर काचेच्या इमारतीचं कर्ज आहे, त्याला कोणाला दुखवून चालत नाही. भक्ताला रागावता येतं, गिऱ्हाइकाला रागावता येत नाही. फिनी आणि बेकर यांच्यात मला दिसणारा फरक तो हाच.

बाकीच्यांनी लगेच हसू नये. आपल्या गणपतीच्या मिरवणुकीतला डीजे, पाच आकडी मानधनाचे व्हायरल महाराज, प्रायोजकांच्या फलकामागे लपलेला बाप्पा, हे काय अमेरिकेतून आलं? बाजाराला धर्म नसतो, तो सगळ्यांच्या दारात उभा असतो.

काकांना मी एवढंच म्हटलं: भिंत लावा किंवा लावू नका, पण बैठकीत एक प्रश्न विचारा. हप्ते सुरू झाल्यावर तुमचा पाळक सगळ्यात जास्त अर्पण देणाऱ्याला चूक सांगू शकेल का? उत्तर 'हो' असेल तर खुशाल आणा एलईडी. छत मात्र आधी दुरुस्त करा, पावसाळा तोंडावर आलाय.

तुमच्या गावात, तुमच्या देवळात, दर्ग्यात, चर्चमध्ये काय चाललंय? लिहा खाली. शिव्या नकोत, अनुभव हवेत.