सही नसलेली नोट: हाली शिक्का आणि ‘इजिप्त’ जहाज

आज आपण बोलणार आहोत ते चलनात कधीच न आलेल्या नोटांबद्दल. विष्णुपुरीत हा विषय घेण्याला कारण आहे. आपला नांदेड जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता आणि या संस्थानाचा पैसा वेगळा होता. ब्रिटिश हिंदुस्थानचा रुपया तो कळदार, आणि आपला तो हाली. घरातल्या जुन्या माणसांच्या तोंडी हे दोन्ही शब्द आपल्यापैकी काहींनी ऐकले असतील. साधारण सात हाली रुपये म्हणजे सहा कळदार असा हिशेब असे. उमरखेडकडचा माल नांदेडच्या बाजारात आला की भावाबरोबर ‘हाली की कळदार’ हेही विचारावं लागे.

पहिल्या महायुद्धात चांदीची टंचाई झाली. इंग्रजांनी १९१७ साली एक रुपयाची कागदी नोट काढली. पाठोपाठ १९१८ मध्ये, म्हणजे १३२७ फसलीत, हैदराबादनेही कागदी चलनाचा कायदा केला. आधी दहाच्या आणि शंभराच्या नोटा आल्या, नंतर एकच्या आणि पाचच्या. छपाईचं काम लंडनच्या वॉटरलो अँड सन्स या कंपनीकडे होतं. नोटा तिथे छापायच्या, पेट्यांत भरायच्या, बोटीने मुंबईला आणायच्या आणि तिथून हैदराबादला न्यायच्या. छापलेल्या नोटेवर सही नसे. सही व्हायची ती इकडे आल्यावर.

आता १९ मे १९२२ या तारखेकडे येऊ. त्या दिवशी पी अँड ओ कंपनीचं ‘इजिप्त’ हे जहाज लंडनजवळच्या टिलबरी बंदरातून मुंबईकडे निघालं. जहाजावर दहा लाख पौंडांहून अधिक किमतीचं सोनं-चांदी होतं, आणि त्याबरोबर निजाम सरकारच्या कोऱ्या नोटाही होत्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यापुढे, दाट धुक्यात ‘सेन’ नावाच्या फ्रेंच मालवाहू जहाजाची धडक बसली. अवघ्या वीसेक मिनिटांत ‘इजिप्त’ बुडालं. ऐंशीहून अधिक माणसं गेली, त्यात बहुतेक खलाशी होते. नोटांची गोष्ट सांगताना ही माणसं विसरायला नकोत.

जहाज शंभर मीटरहून खोल पाण्यात होतं. त्या काळी तिथे उतरणं जवळपास अशक्य मानलं जाई. जिनोव्हाच्या एका इटालियन कंपनीने ‘आर्तिल्यो’ या बोटीवरून शोध घेऊन १९३० मध्ये ते शोधून काढलं. त्याच वर्षाच्या डिसेंबरात एका दुसऱ्या बुडालेल्या दारूगोळ्याच्या जहाजावर काम करताना स्फोट झाला आणि ‘आर्तिल्यो’ आपल्या नामांकित पाणबुड्यांसह संपली. तरी कंपनीने दुसरी बोट आणली. पाणबुड्या लोखंडी कोठीत बसून खाली जाई आणि टेलिफोनवरून वर सांगे, की पंजा इकडे घ्या, आता तिकडे घ्या. जून १९३२ मध्ये सोनं वर आलं. या उपशात निजामाच्या नोटाही वर आल्या. पाण्याने डागाळलेल्या होत्या, कडा झिजलेल्या होत्या, पण नक्षी आणि अक्षरं वाचता येत होती. सही मात्र नव्हती.

विचार करा, सोन्याची वीट दहा वर्षं समुद्रात राहिली तरी वीटच राहिली. तिला कोणाच्या सहीची गरज नव्हती. नोट मात्र बुडाली तेव्हाही पैसा नव्हती आणि वर आली तेव्हाही नव्हती. तिचा तोटा मोजायचा कसा? छापण्याच्या खर्चाने, की तिच्यावर लिहिलेल्या रकमेने?

हा प्रश्न त्याच वर्षी, त्याच छापखान्याच्या बाबतीत, एका वेगळ्या प्रकरणात लंडनच्या सर्वोच्च न्यायपीठापुढे आला, हा योगायोग बघा. आल्व्हेस रेइस नावाच्या पोर्तुगीज ठकाने खोटे कागद दाखवून वॉटरलोकडून पाचशे एस्कुदोच्या नोटा छापून घेतल्या होत्या. छापखाना खरा होता, परवानगी तेवढी खोटी. १९२५ च्या डिसेंबरात बिंग फुटलं. बँक ऑफ पोर्तुगालने लोकांचा विश्वास टिकावा म्हणून त्या नोटाही बदलून दिल्या आणि वॉटरलोवर दावा लावला. वॉटरलोचं म्हणणं असं, की बँकेचा तोटा फक्त कागद-छपाईचा, कारण बदली नोटा तिने स्वतःच छापल्या. १९३२ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने तीन विरुद्ध दोन मतांनी ठरवलं, की तोटा दर्शनी किमतीचा. कारण एकदा नोट बाहेर गेली की ती कागद राहत नाही, ते देणं होतं.

म्हणून चलनात न आलेल्या नोटा जमवणाऱ्याच्या हाती जे असतं, ते देणं होण्याच्या अलीकडचं असतं. त्यांचे प्रकार आहेत. छपाईआधीचा कच्चा ठसा म्हणजे प्रूफ. बँकांना आणि खजिन्यांना ओळखीसाठी पाठवलेला नमुना म्हणजे स्पेसिमेन. आणि छापून झाल्या पण वाटल्याच गेल्या नाहीत, त्या उरलेल्या नोटा. ‘इजिप्त’मधल्या नोटा या तिसऱ्या जातीच्या.

आता नक्षीकडे बघू. निजामाच्या नोटेवर मुख्य मजकूर उर्दूत आहे, साल फसली आहे. पण रक्कम इंग्रजी, तेलुगू, कन्नड आणि मराठीतही आहे. हे नीट लक्षात घ्या. राज्याचा कारभार उर्दूतून चाले. १९१८ मध्येच स्थापन झालेलं उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचं. मराठवाड्यात मराठीतून शिकण्यासाठी किती खटपट करावी लागली, हे स्वामी रामानंद तीर्थांच्या पिढीला माहीत होतं. मग नोटेवर मराठी कशी आली? आमच्या मते याचं उत्तर औदार्यात नाही, गरजेत आहे. फर्मान न वाचताही पाळायला लावता येतं. नोटेचं तसं नाही. नांदेडच्या अडत्याने आणि मोंढ्यातल्या शेतकऱ्याने ती ओळखून घेतली, तरच ती चालते. सही सरकारची लागते, पण ओळख लोकांची लागते. या दोन्हींशिवाय नोट पुरी होत नाही.

१९४७ च्या अखेरीस निजाम सरकारने वटहुकूम काढून हिंदी चलन संस्थानात बेकायदा ठरवलं. त्यावरून दिल्लीशी मोठा वाद झाला. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात आलं, तरी हाली नोट एका रात्रीत गेली नाही. पुढे १९५० च्या दशकात ती हळूहळू व्यवहारातून बाद झाली. ज्यांनी वेळेत बदलून घेतली नाही, त्यांच्या हाती राहिला तो सही असलेला पण न चालणारा कागद.

जाता जाता एक विनंती. संग्राहकांनो, सही नसलेली हाली नोट कोणी ‘इजिप्तची’ म्हणून दाखवली, तर आधी ती कुठून आली त्याची साखळी विचारा. सही पुसता येते आणि कागद भिजवताही येतो. आणि बाकीच्यांनी घरच्या पेटीत हाली नोट सापडली तर ती प्लास्टिकमध्ये गरम करून चिकटवू नका, टेप लावू नका. साध्या कोरड्या पाकिटात ठेवा. सोबत एका चिठ्ठीवर लिहा: कोणाची, कोणत्या गावची, का ठेवली होती. समुद्रातून वर आलेल्या नोटेचा इतिहास लोकांनी लिहून ठेवला. पेटीतल्या नोटेचा आपल्यालाच लिहावा लागेल.