ठाणे-कल्याणचे गोडेतेल आणि मधुमेह

इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका अनामिक ग्रीकभाषक व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या सागरी वाटाड्या ग्रंथात कल्याणचा उल्लेख 'कल्लिएना' या नावाने येतो, आणि पूर्वी कायद्याने मान्यता पावलेली ही बाजारपेठ सत्तांतरानंतर कशी अडचणीत आली हेही तिथे नोंदवलेले आहे. त्याच ग्रंथात भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरून आफ्रिकेच्या बंदरांकडे जाणाऱ्या मालाची यादी दिली आहे: गहू, तांदूळ, तूप, तिळाचे तेल, सुती कापड आणि 'साक्खरी' नावाचा वेतातून निघणारा मध, म्हणजेच उसाचा गोडवा. मधुमेहाविषयीच्या आजच्या कोणत्याही चर्चेत ज्या पदार्थांची नावे निघतात ते धान्य, स्निग्ध आणि साखर असे तिन्ही पदार्थ या दोन हजार वर्षांपूर्वीच्या यादीत एका ओळीत बसलेले आहेत. मात्र ते गलबतात भरून परदेशी पाठवण्याइतके मोलाचे होते, आणि उल्हास नदीच्या खोऱ्यातल्या शेतकऱ्याच्या ताटात रोज पडण्याइतके स्वस्त ते पुढची अठराशे वर्षे तरी झाले नाहीत. ते स्वस्त कसे झाले, आणि होताना त्यांतल्या स्निग्धाची जातच कशी बदलली, हा ठाणे, कल्याण आणि डोंबिवली या पट्ट्याच्या इतिहासाचा फारसा न लिहिला गेलेला भाग आहे.

तेल म्हणा वा तूप, रसायनशास्त्राच्या दृष्टीने ते बहुतांशी ट्रायग्लिसराइड असते, म्हणजे ग्लिसरॉलच्या एका रेणूला जोडलेली तीन मेदाम्ले. मेदाम्ल ही कार्बनच्या अणूंची साखळी असते. तिच्यातल्या सर्व जागा हायड्रोजनने भरलेल्या असल्या की ते संपृक्त, आणि कुठे दुहेरी बंध राहिला असला की ते असंपृक्त. संपृक्त मेदाम्लांच्या साखळ्या सरळ असल्याने एकमेकींना चिकटून बसतात, म्हणून तूप थंडीत थिजते. असंपृक्त साखळ्या बंधापाशी वाकलेल्या असल्याने तिळाचे तेल पातळच राहते. पामिटिक व स्टिअरिक ही संपृक्त, ओलिक हे एका दुहेरी बंधाचे, तर लिनोलिक हे दोन दुहेरी बंधांचे मेदाम्ल होय. यांपैकी लिनोलिक आम्ल मानवी शरीराला स्वतः तयार करता येत नाही, ते अन्नातूनच यावे लागते, ही गोष्ट पुढच्या विवेचनासाठी महत्त्वाची आहे.

आगगाडीपूर्वीच्या ठाणे परिसरात स्निग्ध पदार्थ तीन दिशांनी येत. किनाऱ्यावर नारळ होता, ज्याच्या तेलात निम्म्याच्या आसपास लॉरिक हे आखूड साखळीकडे झुकणारे संपृक्त आम्ल असते. खाडी आणि समुद्रातून तारली, बांगडा यांसारखी तेलकट मासळी येई, जिच्यात ओमेगा-३ प्रकारची दुर्मीळ मेदाम्ले असतात. आणि पूर्वेच्या डोंगरपट्ट्यातून तीळ, खुरासणी आणि मोहाच्या बिया येत. खुरासणी म्हणजेच कारळे, हे वरकस जमिनीत येणारे पीक असून तिच्या तेलात लिनोलिक आम्लाचे प्रमाण निम्म्याच्या पुढे जाते. मोहाच्या तेलात मात्र पामिटिक व स्टिअरिक भरपूर असल्याने ते गारठ्यात घट्ट होते. एकाच तालुक्यातल्या दोन कुटुंबांच्या मेदाम्लांत त्या काळी केवढा फरक असेल याची यावरून कल्पना येते, कारण कोळ्याच्या घरचा स्निग्धांश समुद्राचा होता, वारल्याच्या घरचा झाडाचा, आणि भातशेती करणाऱ्या कुणब्याच्या घरी तर फोडणीपुरत्या तेलापलीकडे तो जवळजवळ नव्हताच.

हे तेल गाळणारा घाणा म्हणजे लाकडी वा दगडी उखळ, तीत उभी फिरणारी लाट, आणि लाटेला जोडलेल्या आडव्या दांड्याला जुंपलेला, बहुधा डोळे बांधलेला बैल. घाण्यात बी सावकाश चेपले जाते आणि फार तापत नाही. तेलाचा बराच अंश पेंडीत राहतो, आणि ती पेंड गुरांच्या पोटात जाऊन पुन्हा दुधातुपाच्या रूपाने घरात येते. हा व्यवसाय करणाऱ्या तेली समाजात घाणा कोणत्या वारी बंद ठेवायचा यावरून पोटभेद पडलेले होते आणि सोमवारी विसावा घेणारे ते सोमवार तेली, अशी ओळख रूढ होती. 'शनवार तेली' हे नाव मात्र कोकणात एका अगदी वेगळ्या समाजालाही मिळाले. परंपरेनुसार अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून वाचलेल्या ज्यू कुटुंबांचे वंशज, म्हणजे बेने इस्रायल, तेल गाळण्याचा धंदा करीत आणि आपल्या धर्माप्रमाणे शनिवारी काम करीत नसत, म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना हे नाव दिले. मराठी बोलणाऱ्या या समाजातले अनेकजण पुढे मुंबई आणि ठाण्याकडे सरकले, सैन्यात, रेल्वेत आणि कचेऱ्यांत गेले, आणि १८७९ साली ठाण्यात त्यांनी उभारलेले 'शार हाशामाइम' हे प्रार्थनामंदिर आजही टेंभी नाक्याच्या परिसरात उभे आहे. ज्या पिढीने ते बांधले तिच्या हातून घाणा बहुतांशी सुटलेला होता, आणि तो का सुटत होता याचे उत्तर स्वयंपाकघरापेक्षा दिव्यात अधिक सापडते.

कारण घाण्याचे गिऱ्हाईक केवळ खाणारे नव्हते. समईत, पणतीत, मशालीत, केसांना, अंगाला, चामड्याला आणि गाड्याच्या आसालाही तेल लागे, आणि त्यातला मोठा वाटा जळण्यात जाई. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रथम अमेरिकेतून आणि मग रशियातून व ब्रह्मदेशातून रॉकेल मुंबई बंदरात उतरू लागले, आणि तेल्याचे रात्रीचे गिऱ्हाईक हळूहळू नाहीसे झाले. इतिहासग्रंथांत घाण्याच्या ऱ्हासाचे खापर सहसा गिरण्यांवर फोडले जाते. परंतु गिरणीच्या आधी दिव्याने घाण्याचा आधार काढून घेतला होता, आणि तेल हे मुख्यतः खाण्याचीच वस्तू आहे हा आज स्वाभाविक वाटणारा समज तेव्हापासून दृढ होत गेला.

बोरीबंदर ते ठाणे ही आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली, १८५४ मध्ये ती कल्याणला पोहोचली, आणि १८६३ मध्ये बोरघाट व १८६५ मध्ये थळघाट ओलांडून देशावर आणि खानदेशात गेली. कल्याणला हे दोन्ही मार्ग एकमेकांस मिळत असल्याने देशावरचा शेतमाल कल्याणवरूनच मुंबईकडे उतरू लागला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून दख्खनमध्ये भुईमुगाचा पेरा वाढत गेला, तसतसे डोंगरातल्या तीळ-खुरासणीची जागा देशावरच्या शेंगदाण्याने घेतली. 'गोडेतेल' हा शब्द मुळात कडू तेलाच्या विरुद्ध, खाण्याजोग्या तेलासाठी होता. तो इथल्या बोलण्यात हळूहळू शेंगदाण्याच्या तेलालाच चिकटला. या तेलात निम्म्याच्या आसपास ओलिक, सुमारे तिसरा हिस्सा लिनोलिक आणि दहा-बारा टक्के पामिटिक असते. म्हणजे पहिला बदल हा काही घातक बदल नव्हता. ठाणेकराच्या आहाराला त्याने दिलेली गोष्ट म्हणजे विविधतेऐवजी एकसारखेपणा, आणि तोही अजून अल्प प्रमाणात.

दुसरा बदल मात्र रसायनशाळेतून आला. १९०२ साली विल्हेल्म नॉर्मन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने पातळ तेलात निकेलच्या साहाय्याने हायड्रोजन भरून ते घट्ट करण्याचे पेटंट मिळवले. भारतात असे तेल आधी आयात होई; १९३२ मध्ये हिंदुस्थान वनस्पती मॅन्युफॅक्चरिंग कंपनीचा कारखाना मुंबईत शिवडीला सुरू झाला आणि १९३७ पासून डालडा बाजारात आला. ताडाच्या झाडाचे चित्र असलेला त्याचा पिवळा डबा पुढे इतक्या घरांत शिरला की रिकामा झाल्यावर त्यात डाळी राहिल्या आणि तुळशीही वाढल्या. महात्मा गांधींनी वनस्पतीला उघड विरोध केला होता, पण तो मुख्यतः तुपातल्या भेसळीच्या आणि पोषणाच्या मुद्द्यावर. सरकारने त्यावर काढलेला उपाय लक्षणीय आहे: वनस्पतीत किमान ५ टक्के तिळाचे तेल घालणे सक्तीचे झाले, कारण तिळातले एक द्रव्य आम्ल आणि फरफ्युरल यांच्या संयोगाने गुलाबी रंग देते आणि तुपातली भेसळ ताबडतोब उघडी पडते. पेरिप्लसच्या काळी निर्यात होणारे तिळाचे तेल अशा रीतीने दुसऱ्या स्निग्धाची ओळख पटवण्याच्या कामी लागले. हायड्रोजन अर्धवट भरल्याने काही साखळ्यांतला दुहेरी बंध न वाकता सरळ होतो. हीच ट्रान्स मेदाम्ले. हृदयविकाराशी त्यांचा संबंध निर्विवाद ठरला आहे, मधुमेहाशी असलेल्या संबंधाचा पुरावा तितका एकमुखी नाही. भारतात तेल-तुपातील ट्रान्स मेदाम्लांची मर्यादा जानेवारी २०२१ पासून ३ टक्के आणि जानेवारी २०२२ पासून २ टक्के झाली, म्हणजे डालडा आल्यानंतर पंचाऐंशी वर्षांनी.

स्वातंत्र्यानंतर या पट्ट्याचे रूपच पालटले. १९६० च्या दशकात ठाण्यात वागळे इस्टेट आणि डोंबिवलीत औद्योगिक वसाहत उभी राहिली, मुंबईत जागा न परवडणारा मराठी मध्यमवर्ग डोंबिवलीच्या चाळींत आणि इमारतींत आला, आणि ठाणे १९८२ साली तर कल्याण-डोंबिवली १९८३ साली महानगरपालिका झाली. पहाटेच्या लोकलने निघून रात्री परतणाऱ्या, घरातले दोघेही नोकरी करणाऱ्या कुटुंबासाठी पोळी-भाजी केंद्र आणि स्टेशनाबाहेरचा वडापाव ही गरज होती. तिच्यावर बोट ठेवणे सोपे आहे, पण पोटाला तेवढ्या वेळात दुसरे काय मिळणार होते हे विचारल्याशिवाय ते न्याय्य नाही. त्याच काळात स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत आयात झालेले पामतेल रेशनच्या दुकानात आले. एप्रिल १९९४ मध्ये पामोलिनची, म्हणजे पामतेलाच्या पातळ भागाची, आयात खासगी व्यापाऱ्यांना खुली झाल्यावर त्याला रेशनकार्डाचीही गरज उरली नाही. पामोलिनमध्ये पामिटिक आम्ल ४० टक्क्यांच्या आसपास असते, शेंगदाण्याच्या जवळजवळ चौपट. आणि ते स्वस्त, टिकाऊ व तळणाला सोयीचे असल्याने बिस्किटे, फरसाण आणि उपाहारगृहे यांतून न विचारता पोटात जाते. देशाच्या पातळीवर दरडोई खाद्यतेल १९५० च्या सुमारास वर्षाला ३ किलोच्या आसपास होते, ते आता १९ किलोंच्या घरात आहे.

या बदलाचा मधुमेहाशी नेमका संबंध काय, हे समजायला शास्त्रालाही वेळ लागला. १९६३ मध्ये फिलिप रँडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की स्नायू मेदाम्ले जाळू लागला की तो ग्लुकोज कमी उचलतो. एरवी इन्शुलिन मेदपेशींना चरबी आत धरून ठेवायला लावते; मेदपेशी भरून वाहू लागल्या की मुक्त मेदाम्ले यकृतात आणि स्नायूंत साचतात, तिथे इन्शुलिनचा संदेश मंदावतो, यकृत नको असताना साखर सोडत राहते, आणि स्वादुपिंड जास्त इन्शुलिन काढता काढता थकते. पण सगळी मेदाम्ले सारखी वागत नाहीत. २०१४ मध्ये युरोपातल्या आठ देशांच्या एका मोठ्या अभ्यासात, रक्तात पामिटिकसारखी सम संख्येच्या कार्बनांची संपृक्त आम्ले अधिक असणाऱ्यांत मधुमेह पुढे अधिक आढळला, तर मुख्यतः दुधातून येणारी विषम संख्येची संपृक्त आम्ले अधिक असणाऱ्यांत तो कमी आढळला. २०१७ मध्ये दहा देशांतल्या ३९,७४० प्रौढांच्या एकत्रित विश्लेषणात, लिनोलिक आम्लाची पातळी सर्वांत वरच्या पाचव्या हिश्शात असणाऱ्यांना सर्वांत खालच्या हिश्शाच्या तुलनेत धोका सुमारे ३५ टक्क्यांनी कमी होता. हे निरीक्षणात्मक अभ्यास आहेत, म्हणजे त्यांतून साहचर्य कळते, कारण सिद्ध होत नाही.

इथे एक गफलत टाळणे अत्यंत आवश्यक आहे. रक्तातले पामिटिक आम्ल केवळ पामतेलातून येत नाही. पिष्ट आणि साखर गरजेपेक्षा जास्त झाली की यकृत स्वतःच त्यापासून पामिटिक आम्ल बनवते. म्हणून तीन वेळा भात खाऊन चहात साखर घालणाऱ्या, पण तेलाचा हात आखडता ठेवणाऱ्या माणसाच्या रक्तातही ते वाढू शकते. पूर्वीचा भात उखळीत कांडलेला, कोंडा अंशतः राखलेला होता आणि खाणारा दिवसभर चिखलात राबत होता. तोच भात गिरणीत पॉलिश होऊन बैठ्या कामाच्या माणसापुढे आला. पामतेलाला एकट्याला आरोपी करणारी मांडणी म्हणूनच अपुरी ठरते.

महाराष्ट्रातल्या माणसाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनातून पुढे आली. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी स्वतःचे आणि जॉन युडकिन या ब्रिटिश सहकाऱ्याचे छायाचित्र शेजारी शेजारी छापले: उंचीच्या प्रमाणात वजन दर्शवणारा निर्देशांक दोघांचाही २२.३, परंतु शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. दिसायला सडपातळ पण आतून मेदयुक्त अशी ही भारतीय शरीररचना जन्माच्या वेळीच दिसते, हे त्यांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत चालवलेल्या अभ्यासात आढळले, आणि त्याची मुळे गरोदर मातेच्या पोषणात शोधली गेली. ज्या पिढ्यांनी अर्धपोटी दिवस काढले त्यांची नातवंडे जेव्हा १९ किलो तेलाच्या काळात आली, तेव्हा ती चरबी साठवायला सुरक्षित जागा कमी असलेल्या शरीरानिशी आली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीने भारतातील मधुमेहींची संख्या १० कोटी १० लाख, म्हणजे प्रौढांच्या ११.४ टक्के, अशी मांडली.

अलीकडच्या काही वर्षांत ठाण्यात आणि डोंबिवलीत लाकडी घाण्याच्या तेलाची दुकाने पुन्हा दिसू लागली आहेत; बैलाच्या जागी विजेची मोटार आहे, आणि बी गिऱ्हाइकासमोर गाळले जाते. अशा तेलात वास, रंग आणि काही जीवनसत्त्वे राहतात हे खरे. मात्र शेंगदाण्याचे तेल घाण्यातून काढले काय किंवा शुद्धीकरण करून काढले काय, त्यातल्या मेदाम्लांचे प्रमाण जवळजवळ तेच राहते, कारण ते बियाणे ठरवते. त्या दृष्टीने पाहिले तर या प्रदेशाचे स्वतःचे लिनोलिकने भरलेले बी खुरासणीच होते. २०१४ मध्ये जिल्हा विभागला गेल्यावर पालघरमध्ये गेलेल्या जव्हार-मोखाड्याच्या उतारांवर ती पावसाळ्याच्या अखेरीस अजूनही पिवळीधमक फुलते. भारतातून होणाऱ्या खुरासणीच्या निर्यातीचा मोठा भाग अमेरिका व युरोपात पाळीव आणि रानपाखरांचे खाद्य म्हणून विकला जातो, आणि कल्याणच्या बाजारात पामतेल इंडोनेशिया व मलेशियातून येते.