ब्रुकलिन येथील एक दिवस : १५ एप्रिल १९४७



खेळाच्या इतिहासातील संस्मरणीय क्षण म्हटले की डोळ्यांपुढे विक्रम उभे राहतात. अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉललाही अशा विक्रमांचा तोटा नाही. परंतु त्या इतिहासातील ज्या दिवसाविषयी मी बोलणार आहे, त्या दिवशी नायकाच्या हातून मैदानावर फारसे काही घडले नाही. १५ एप्रिल १९४७ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील एबेट्स फील्डवर ब्रुकलिन डॉजर्स आणि बोस्टन ब्रेव्हज यांचा सामना झाला. डॉजर्सतर्फे पहिल्या बेसवर जॅकी रॉबिन्सन हा अठ्ठावीस वर्षांचा कृष्णवर्णीय खेळाडू उभा होता. त्याला एकही यशस्वी फटका साधला नाही. एक धाव तेवढी त्याने काढली. डॉजर्स ५-३ असे जिंकले.

मग या दिवसाचे महत्त्व कशात? १८८४ मध्ये मोझेस फ्लीटवूड वॉकर हा कृष्णवर्णीय खेळाडू टोलेडोच्या संघातून अव्वल दर्जाचे बेसबॉल खेळला होता. त्यानंतर सहा दशके ते दार बंद राहिले. अशी बंदी नियमपुस्तकात लिहिलेली नव्हती. तो संघमालकांचा अलिखित संकेत होता. अलिखित संकेताचे सामर्थ्य काय असते, हे आपल्या देशातील श्रोत्यांना मी वेगळे सांगावयास नको.

डॉजर्सचे सूत्रधार ब्रँच रिकी यांनी २८ ऑगस्ट १९४५ रोजी रॉबिन्सनला भेटीस बोलावले. शिव्या, अपमान, धक्काबुक्की यांतले काय काय सोसावे लागेल, ते स्वतः अभिनय करून त्यांनी त्याला दाखविले आणि उलट हात न उचलण्याचे वचन घेतले. हे वचन कोणाकडून घेतले जात होते, तेही पाहावे. सैन्यात असताना बसच्या मागील भागात जाऊन बसण्यास नकार दिल्याबद्दल १९४४ मध्ये ज्याच्यावर लष्करी खटला चालला आणि जो निर्दोष सुटला, असा हा मानी पुरुष! माझ्या मते त्याचे मौन हाच त्याचा सर्वांत अवघड खेळ होता. पहिल्याच महिन्यात फिलाडेल्फिया संघाचे व्यवस्थापक बेन चॅपमन यांनी त्याच्यावर अश्लाघ्य शिवीगाळीचा वर्षाव केला. तो खेळत राहिला. वर्षअखेर सर्वोत्तम नवोदिताचा पुरस्कार त्याला मिळाला. १९४९ मध्ये तो लीगमधील सर्वांत मोलाचा खेळाडू ठरला.

सहकारी पी वी रीस याने टवाळखोर प्रेक्षकांसमोर त्याच्या खांद्यावर हात ठेवला, ही कथा फार प्रसिद्ध आहे. २००५ मध्ये ब्रुकलिनला तिचे शिल्पही उभे राहिले. मात्र ती घटना १९४७ ची की १९४८ ची, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. गोड प्रसंग इतिहासकाराने जरा जपूनच हाताळावेत.

येथे आपल्या शेजारच्या धारवाडात जन्मलेल्या पळवणकर बाळूंचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेणाऱ्या या दलित गोलंदाजाला हिंदू संघात स्थान मिळाले, पण चहा मिळाला तो पॅव्हेलियनबाहेर, मातीच्या पात्रात. संघाचे कर्णधारपद त्यांच्याकडे आले नाही. १९२३ मध्ये ते त्यांचे बंधू विठ्ठल यांना लाभले. मैदानावर प्रवेश मिळणे आणि अधिकार मिळणे यांत केवढे अंतर असते!

ब्रुकलिनच्या घटनेलाही दुसरी बाजू आहे. रॉबिन्सन ज्या कॅन्सस सिटी मोनार्क्स या कृष्णवर्णीयांच्या संघातून आला, त्या संघाला रिकींनी काहीही मोबदला दिला नाही. उत्तम खेळाडू निघून जाऊ लागले तसे कृष्णवर्णीयांचे लीग खंगत गेले. त्यांच्या खेळाची आकडेवारी मुख्य नोंदींत समाविष्ट झाली ती थेट २०२४ मध्ये, आणि मग कारकिर्दीतील फलंदाजीच्या सरासरीत टाय कॉबच्या जागी जॉश गिब्सनचे नाव आले. गिब्सन १९४७ च्या जानेवारीतच, रॉबिन्सनच्या पदार्पणापूर्वी तीन महिने, निवर्तला होता.

१५ ऑक्टोबर १९७२ रोजी सिनसिनाटी येथे रॉबिन्सनचा सत्कार झाला. मधुमेहाने त्याची दृष्टी क्षीण झाली होती. आभार मानताना, संघाचे व्यवस्थापन करणारा एखादा कृष्णवर्णीय माणूस आपल्याला पाहावयाचा आहे, असे त्याने स्पष्ट सांगितले. नऊ दिवसांनी त्याचे निधन झाले. क्लीव्हलंडने फ्रँक रॉबिन्सन यांच्या हाती संघ सोपविला तो १९७५ च्या हंगामात.