धबधबा किती उंच?

नकाशावर ब्रह्मपुत्रेवरून बोट फिरवत उलटं वर गेलो, तर अरुणाचलात ती सियांग होते (जुन्या नकाशांत दिहांग) आणि हिमालयापलीकडे तिबेटात त्सांगपो. आपण हे वर्गात सहज सांगून जातो. पण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत मधला तुकडा नकाशावर कोराच होता. नदी सुमारे ९००० फुटांवर डोंगरात शिरते आणि आसामच्या मैदानाशी येते तेव्हा तिची उंची जेमतेम ५०० फूट असते. एवढं पाणी एवढ्या थोड्या अंतरात उतरतं कसं? वाटेत एखादा प्रचंड धबधबा असणार, असं पुष्कळ भूगोलतज्ज्ञांना वाटे.

त्याला आधारही होता. भारतीय सर्वेक्षण खात्याच्या वतीने गेलेल्या किंथुप नावाच्या माणसाच्या वृत्तांतात, पेमाकोचुंग इथे नदी १५० फुटांवरून कोसळते असं नोंदलेलं होतं.

१९१३ मध्ये कॅप्टन फ्रेडरिक बेली आणि सर्वेक्षक हेन्री मोर्सहेड तिथे पोचले. बेलीचा जन्म लाहोरचा, १८८२ चा. १९०४ मध्ये तो यंगहजबंडच्या फौजेबरोबर ल्हासाला गेला होता. सैनिक, हेर, फुलपाखरांचा संग्राहक, असा हा माणूस. निळ्या पॉपीच्या एका जातीला त्याचं नाव मिळालं. (रशियन क्रांतीनंतर तो वेषांतर करून ताश्कंदमध्ये राहिला, तेव्हा तिथल्या गुप्त पोलिसांनी त्यालाच ‘बेलीला शोधायच्या’ कामावर नेमलं! पण ते असो.) मोर्सहेड नकाशा काढी, बेली फोटो घेई.

पेमाकोचुंगचा धबधबा निघाला सुमारे ३० फुटांचा! नदीची उंची एका उडीत नव्हे, तर खोल घळीतल्या लागोपाठच्या खळाळांमधून उतरत होती. या घळीचा काही भाग बेलीला गाठता आला नाही. तिथला सुमारे १०० फुटांचा धबधबा १९९८ मध्ये शोधपथकाने मोजला.

इथे विद्यार्थ्यांना एक प्रश्न जरूर विचारावा: धबधब्याच्या नुसत्या फोटोवरून त्याची उंची सांगता येईल का? शेजारी माणूस किंवा ओळखीची वस्तू नसेल, तर ३० फूट आणि १५० फूट यांत फरक करणं कठीण. फोटोला जोड लागते ती जागेवर उभं राहून केलेल्या अंदाजाची आणि वहीतल्या नोंदीची.

मग किंथुप खोटं बोलला होता का? तो मूळचा सिक्कीमचा, लिहिता-वाचता न येणारा. १८८० मध्ये त्याला एका लामाबरोबर पाठवलं होतं. त्या लामाने त्याला गुलाम म्हणून विकलं आणि तो परागंदा झाला. किंथुप निसटला, पण मूळचं काम सोडलं नाही. ठरल्याप्रमाणे ५०० ओंडके तयार करून त्याने रोज ५०, असे दहा दिवस त्सांगपोत सोडले. ते आसामात दिसले असते, तर दोन्ही नद्या एकच हे सिद्ध झालं असतं. पण त्याचा निरोप वेळेवर पोचला नाही आणि खाली ओंडके पाहायला कुणीच नव्हतं. चार वर्षांनी तो परतला. त्याने सांगितलेली हकिगत दुसऱ्याने लिहून घेतली, मग तिचं इंग्रजी भाषांतर झालं.

त्याच वर्णनाच्या आधारे वाट काढताना बेलीला दिसलं, की बाकी सगळं चोख आहे. १९१४ मध्ये त्याने सिमल्यात किंथुपची गाठ घेतली. खुलासा साधा होता. किंथुपने दोन धबधबे सांगितले होते. १५० फुटांचा होता तो एका बाजूच्या ओढ्याचा. मुख्य नदीवरचा लहानच होता. लिहिताना दोन्ही एक झाले. म्हणजे जवळजवळ तीस वर्षं किंथुपच्या नावावर खपलेली चूक त्याची नव्हतीच!

बेली-मोर्सहेडच्या सर्वेक्षणाचा उपयोग सरकारने लगेच करून घेतला. १९१४ च्या सिमला परिषदेत मॅकमहोन रेषा आखताना ते कामी आलं. बेलीला पदकही मिळालं. किंथुपला पेन्शन मिळावी म्हणून त्याने सरकारकडे खटपट केली. पेन्शन म्हणजे कायमचा खर्च, म्हणून सरकारने एकरकमी १००० रुपये दिले. त्यानंतर थोड्याच काळात किंथुप वारला.