रस्त्याआधी पोचलेला ट्रक

आपल्या गावाच्या वेशीवर, नाही तर एखाद्या जिनिंगच्या आवारात, कडुनिंबाखाली कायमचा उभा राहिलेला जुना ट्रक आपण पाहिलाच असेल. चाके निघालेली, दारांच्या तळचा पत्रा चाळणीसारखा झालेला, टपावर कोंबड्या. भंगारवाला येतो तो वजनाचा अंदाज घेऊन जातो. इतिहासाच्या विद्यार्थ्याने मात्र त्याच्याखाली वाकून पाहावे, असे मला वाटते. खेड्यापर्यंत पक्की सडक येण्याआधी मोटार कशी आली, आणि ती चालती ठेवली कुणी, ह्याचा पुरावा कागदावर फारसा सापडत नाही. तो ह्या गंजलेल्या सांगाड्यावर सापडतो.

कागदावर काय आहे ते आधी पाहू. १९४३ च्या डिसेंबरात निरनिराळ्या प्रांतांचे मुख्य अभियंते आपल्या नागपुरात जमले. महायुद्ध ऐन भरात होते; तरी ह्या मंडळींनी पुढच्या वीस वर्षांत देशाला किती रस्ते लागतील ह्याचा आराखडा तयार केला. हीच ती नागपूर योजना. राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक महामार्ग, जिल्हा रस्ते, ग्रामरस्ते ही आज तोंडी बसलेली वर्गवारी त्याच बैठकीतली. एकूण लांबी धरली होती सुमारे ३ लक्ष ३१ हजार मैल. आणि उद्दिष्ट काय? तर चांगल्या पिकाऊ मुलखातले कोणतेही खेडे मुख्य रस्त्यापासून ५ मैलांहून दूर राहू नये.

हे वाचून शहरातला माणूस समाधान पावतो. पण ५ मैल म्हणजे काय, ते खेड्यातल्या माणसाला विचारावे. श्रावणातली काळ्या मातीची पांदण, मध्ये दोन नाले आणि बंडीत अडलेली बाळंतीण! योजना पुरती पार पडली असे धरले तरी हे ५ मैल शिल्लक उरतातच. आज मी सांगणार आहे ती त्या उरलेल्या मैलांची गोष्ट आहे.

त्या महायुद्धासाठी अमेरिका आणि कॅनडा ह्या देशांनी वाहने अक्षरशः सुपाने ओतली. जीपगाड्या ६ लक्षांहून अधिक झाल्या. जीएमसी बनावटीचे ट्रक साडेपाच लक्षांच्या वर गेले. ब्रह्मदेश आणि चीनच्या आघाड्यांसाठी त्यांतल्या पुष्कळ गाड्या हिंदुस्थानात उतरल्या; बंगालातल्या पानागढसारख्या ठिकाणी त्यांचे मोठे तळ पडले. युद्ध संपल्यावर त्या समुद्रापलीकडे परत नेणे म्हणजे चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला. १६ मे १९४६ रोजी दोन्ही सरकारांत करार झाला आणि इथे उरलेला अमेरिकन माल हिंदुस्थान सरकारच्या ताब्यात आला. सरकारने तो विकायला काढला. 'डिस्पोजलचा माल' हा शब्द आपल्या बोलीत रुळला तो असा. बूट डिस्पोजलचे, तंबू डिस्पोजलचा, आणि ट्रकही डिस्पोजलचा.

ह्या ट्रकांत एक गुण होता. साध्या ट्रकात इंजिनाचा जोर फक्त मागच्या चाकांना मिळतो. पुढची चाके नुसती दिशा दाखवतात, ओढत नाहीत. लष्करी ट्रकात पुढच्या धुऱ्यालाही जोर देण्याची सोय असे. (आपल्याकडे धुरा म्हणजे शेताचा बांध, इथे मात्र चाकांचा आस.) मागची चाके गाऱ्यात फसली, तरी पुढची गाडीला ओढून काढत. शिवाय पोट जमिनीपासून उंच, आणि चढावर मुंगीच्या पावलाने चालणारा जादा गिअर. पक्क्या सडकेवर ही पुढची ओढ उपयोगाची नाही. वळणावर पुढच्या-मागच्या चाकांची ओढाताण होऊन टायर झिजतात, म्हणून ती सोडवायला एक वेगळा दांडा ठेवलेला असतो. पांदणीला तो लावायचा, सडकेवर सोडायचा.

पण ह्या गाड्या युद्धापुरत्या बांधलेल्या होत्या, नातवंडांनी चालवाव्यात म्हणून नव्हेत. पोलाद वाचविण्यासाठी कित्येकांचे हौदे लाकडी आणि टप कॅनव्हासचे होते. त्यातून बंगाल-आसामचा पाऊस उघड्यावर खाल्लेला. तेव्हा घेणाऱ्याच्या पदरी ट्रकाबरोबर गंजही पडे.

गंज हे काय प्रकरण आहे, ते शाळेत आपण शिकवतोच: लोखंड, पाणी आणि हवेतला प्राणवायू. पण दोन गोष्टी पुस्तकात ठसठशीत येत नाहीत. पहिली ही की, गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा लागते. दोन पत्रे एकावर एक रिबिटांनी ठोकलेले असले आणि मधल्या फटीत गंज शिरला, तर तो फुगून पत्रे वाकवतो, रिबिटेही तोडतो. दुसरी गोष्ट आपल्या मातीची. नागपूरकडे पाऊस सरासरी ११०० मिलिमीटरच्या आसपास, तोही बहुतेक चार महिन्यांत; उन्हाळा तर कोरडा ठणठणीत. मग कोकणाच्या मानाने इथे लोखंड सुरक्षित असायला हवे. तसे ते असतेही. पण काळी माती! ती चाकाच्या कमानीत आणि चासीच्या पन्हळीत लिंपून बसते आणि पाणी धरून ठेवते. वरून गाडी सुकलेली दिसते. आत मात्र लोखंड पोटीस बांधल्यासारखे ओले राहते. त्यातून हौद्यात शेणखत किंवा रासायनिक खताची पोती वाहिली असतील, तर क्षारांमुळे गंजाला आणखी घाई होते.

ह्या दुखण्याचा वैद्य म्हणजे मिस्त्री. नागपुरात मिस्त्री आले कुठून? माझे मत असे की, मोटारीने ते घडवले नाहीत. ते आधीपासून होते. १८७७ साली एम्प्रेस मिल सुरू झाली, तिच्यात फिटर तयार झाले. मोतीबागेत रेल्वेचा कारखाना होता, तिथे तापल्या रिबिटा ठोकणारे हात तयार झाले. आणि ह्या सर्वांच्याही आधीचा खेड्यातला लोहार. बंडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवताना ती लाल तापवून बसवायची आणि पाणी मारून आवळायची, हे ज्याला ठाऊक त्याला तापलेले रिबिट निवताना पत्रे कसे आवळते, हे वेगळे सांगावे लागत नव्हते. १९४१ नंतर पेट्रोलचा तुटवडा पडला, तेव्हा बसगाड्यांच्या पाठीशी लोणारी कोळशाच्या भट्ट्या बसवून त्या गॅसवर चालवाव्या लागल्या. कारखान्याने दिली तशीच गाडी चालली पाहिजे असे नाही, हा धडा युद्धानेच दिला होता.

मिस्त्रीची परीक्षा हातोडीने चाले. चासीवर ठोकत जायचे. खणखणीत आवाज आला तर लोखंड जिवंत, बद्द आला तर आतून मेलेले. मेलेला भाग जिवंत लोखंड लागेपर्यंत छिन्नीने कापून टाकायचा. इथे कंजूषी केली की वरचा ठिगळ टिकतो आणि त्याच्या कडेने पुन्हा गळती लागते. मग तारेच्या ब्रशाने घासायचे, नवा पत्रा बसवायचा, आणि वर शेंदराचा हात द्यायचा. होय, शेंदूरच! जवसाच्या तेलात खललेला शेंदूर हा लोखंडी पुलांनाही चालणारा रंग होता. तो शिशाचा असल्याने विषारी आहे, म्हणून आता जस्ताचे रंग वापरावेत.

दोन ठिकाणी मात्र ही कारागिरी जिवावर बेतू शकते. चासीच्या पन्हळीच्या वरच्या-खालच्या ओठांवर सर्वांत जास्त ताण येतो. तिथे भोक पाडले किंवा आडवे वेल्डिंग ओढले, तर नेमकी तिथूनच चासी चिरते, आणि ती चिरते भरल्या गाडीखाली. जोडपट्टी लावायची ती उभ्या बाजूला, लांब आणि टोकांना निमुळती. दुसरे ठिकाण पेट्रोलची टाकी. टाकी रिकामी आहे म्हणून निर्धास्त होऊन कोणी तिला डाग देऊ लागतो. पण धोका असतो तो त्या रिकाम्या टाकीतल्या वाफेचा.

गंज निघाला की फेरफार सुरू. कमानीला एखादा पाटा वाढवून गाडी उंच करणे, मोठे टायर, पेट्रोल इंजिनाच्या जागी डिझेल. मद्रासच्या सिम्प्सन कंपनीने १९५० च्या दशकात पर्किन्स डिझेल इंजिने करायला घेतल्यावर हा मार्ग सोपा झाला. उंचीचा मात्र मोह पडतो. गाडी जितकी उंच, तितका भार वर जातो, आणि बंधाऱ्याच्या उताराला ती कुशीवर झोपते.

पुढे ह्याच कामाच्या गाड्या देशात होऊ लागल्या. महिंद्रांनी १९४७ पासून मुंबईत जीप जुळवल्या. जबलपूर तर तेव्हा आपल्याच प्रांतातले. १९५६ पर्यंत त्या प्रांताची राजधानी नागपूर होती. तिथल्या तोफगाडा कारखान्यात १९५९ मध्ये जर्मन बनावटीवरून शक्तिमान ट्रक तयार झाला, आणि पुढे जोंगा आली. सैन्याने काढून टाकलेल्या जोंगा लिलावात आजही शौकीन लोक घेतात आणि गंज काढत बसतात. परंतु कायदा बदलला आहे, बरं का. १९३९ च्या मोटार कायद्याखाली नोंदणी अधिकाऱ्याला कळवून त्याची संमती घेतली की बदल करता येत असे. १९८८ च्या कायद्याचे ५२ वे कलम त्याहून कडक आहे. कारखान्याच्या मूळ वर्णनाशी विसंगत बदल चालणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले. रहदारीच्या दृष्टीने ते रास्तच आहे. तरी ह्या कायद्याने जुन्या मिस्त्रीचे अर्धे काम बेकायदा ठरते, हेही नोंदून ठेवले पाहिजे. भामरागडसारखा भाग पर्लकोटेला पूर आला की अजून तुटतो, आणि पांदणीत तर ट्रॅक्टरशिवाय गती नाही.

गुरुजींनी एखाद्या दिवशी मुलांना त्या कडुनिंबाखालच्या ट्रकाकडे न्यावे. गंजलेल्या कडांना हात लावू देऊ नये, पण पाहू द्यावे. सुकाणू डावीकडे असेल, तर गाडी अमेरिकेची असण्याचा संभव मोठा. दाराचा रंग खरवडला आणि तळाशी मळकट हिरवा थर लागला, तर ती बहुधा पलटणीतून आली. नंतर चासीच्या रिबिटांकडे वळावे. सारख्या अंतरावरची, सारख्या डोक्यांची ती कारखान्याची. शेजारी थोडी तिरपी, लहानमोठी दिसतील, ती आपल्या इकडच्या माणसाने ठोकलेली.